गोळ्या चालू, तरी एचबी वाढेना: शोध कुठून सुरू करायचा

तीन महिने रक्तवाढीच्या गोळ्या घेतल्या आणि एचबी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन, ९.२ वरून ९.४ वर आलं. मग गोळीचा ब्रँड बदलला, कुणी बीट सांगितलं, कुणी खजूर, कुणी काळ्या मनुका. पुढच्या तपासणीत पुन्हा तेच. अशा वेळी बहुतेक बायकांना एकच वाक्य ऐकायला मिळतं: "तू नीट खात नाहीस." हे वाक्य मला फार अन्यायाचं वाटतं, कारण ते ऐकल्यावर शोध तिथंच थांबतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४ टक्के होतं. एवढ्या सगळ्या बायका निष्काळजी असतील हे शक्य नाही.

गोळ्या चालू असून लोह वाढत नसेल तर कारण चारपैकी एका ठिकाणी सापडतं. गोळी पुरेशी किंवा योग्य वेळी पोटात जात नाही. पोटात गेली तरी आतड्यातून शोषली जात नाही. शोषली जाते, पण तेवढंच लोह रक्तावाटे बाहेर जातं. किंवा मुळात दुखणं लोहाचं नाहीच. पुष्कळदा यातली दोन कारणं एकत्र नांदत असतात, त्यामुळे एक सापडलं म्हणून शोध सोडू नका.

आधी रिपोर्ट पुरा करून घ्या

बोटाला सुई टोचून काढलेलं एचबी शिबिरात ठीक आहे, उपचार ठरवायला पुरत नाही. शिरेतून रक्त देऊन सीबीसी (रक्तपेशींची पूर्ण मोजणी) करा आणि सोबत फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा सांगणारी तपासणी. हिमोग्लोबिन म्हणजे डब्यातलं पीठ, फेरिटिन म्हणजे कोठीतलं धान्य. कोठी रिकामी होत आली तरी डबा काही काळ भरलेला दिसतो. म्हणून एचबी १२.२ असलेल्या बाईचं फेरिटिन ७ निघू शकतं, आणि तिचा थकवा, केस गळणं, रात्री पाय स्वस्थ न राहणं हे सगळं खरं असतं.

गरोदर नसलेल्या बाईचं एचबी १२ च्या खाली असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार तो रक्तक्षय. फेरिटिन १५ च्या खाली म्हणजे साठा संपलेला, असं हीच संघटना सांगते, पण बरेच डॉक्टर ३० च्या खालीच कमतरता धरतात आणि मला ते पटतं. प्रयोगशाळेच्या कागदावर "१० ते २००" अशी नॉर्मलची पट्टी छापलेली असते. तुमचं फेरिटिन १२ आलं तर तिथं ठळक अक्षर दिसणार नाही आणि सगळं ठीक आहे असं वाटेल. ठीक नसतं.

याची दुसरी बाजूही आहे. अंगात ताप, जंतुसंसर्ग, संधिवातासारखी सूज किंवा यकृताचा त्रास असेल तर फेरिटिन खोटं वाढतं. ४५ दिसलं तरी साठा कमी असू शकतो. म्हणून सर्दी-तापात ही तपासणी करू नका आणि शंका असेल तर सोबत सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी तपासणी) आणि ट्रान्सफरिन सॅच्युरेशन (लोह वाहून नेणारं रक्तातलं प्रथिन किती भरलेलं आहे ते) मागा. हे सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली असेल तर लोह कमी पडतंय असं समजतात. नुसतं सिरम आयर्न (त्या वेळी रक्तात फिरणारं लोह) करून काही कळत नाही. तो आकडा दिवसभर वरखाली होतो आणि आदल्या रात्री घेतलेल्या गोळीनंही वाढतो.

जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून ठेवा. एका आकड्यापेक्षा त्यांची चाल जास्त सांगते.

गोळीची पट्टी उलटी करून वाचा

पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात असतं ते औषधाचं नाव. कामाचा आकडा मागे बारीक अक्षरात असतो: एलिमेंटल आयर्न किती मिलिग्रॅम. फेरस सल्फेट २०० मिलिग्रॅम लिहिलेल्या सुक्या गोळीत प्रत्यक्ष लोह साधारण ६० ते ६५ मिलिग्रॅम असतं. फेरस फ्युमरेटमध्ये वजनाच्या एक तृतीयांश, ग्लुकोनेटमध्ये जेमतेम १२ टक्के. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिड असतं, आणि ती फुकट मिळते म्हणून कमअस्सल नाही. उलट बाटलीतली काही महाग टॉनिकं अशी आहेत की दोन चमच्यांत उपचाराला पुरेल एवढं लोहच नसतं.

एक गफलत कायम होते. २०१८ पासूनच्या अ‍ॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात गरोदर नसलेल्या बायकांना आठवड्याला एक गोळी आहे. ती रक्तक्षय होऊ नये म्हणून. एकदा रक्तक्षय झाला की रोजचा उपचार लागतो. आठवड्याची गोळी घेत "माझं तर चालूच आहे" असं म्हणणाऱ्या कितीतरी जणी असतात, आणि त्यांना हा फरक कुणी सांगितलेलाच नसतो.

आता वेळ. एका घरातली सकाळ पाहा. सहाला थायरॉइडची गोळी. साडेसहाला चहा. सातला गॅसची गोळी. नऊला पोळी-भाजी, त्याबरोबर लोहाची गोळी आणि वर आणखी अर्धा कप चहा. रात्री आठवण राहत नाही म्हणून कॅल्शियमही तेव्हाच. या बाईनं एकही गोळी चुकवलेली नाही, तरी लोह फारसं आत जात नाही. चहातली टॅनिनं लोहाला धरून ठेवतात, कॅल्शियम त्याचा रस्ता अडवतं, पोळीतलं फायटेट हे धान्यातलं द्रव्य उरलेलं बांधून टाकतं, आणि लोह विरघळायला पोटात जे आम्ल लागतं ते गॅसच्या गोळीनं कमी केलेलं असतं. शिवाय लोह जवळपास घेतलं तर थायरॉइडची गोळीही वाया जाते. त्या दोघींमध्ये चार तासांचं अंतर हवं.

हीच सकाळ अशी लावता येते. सहाला थायरॉइडची गोळी, सातला चहा, साडेआठला नाश्ता, अकराला पाण्याबरोबर लोह, एकला जेवण, जेवणानंतर तासाभरानं हवा तर चहा, आणि कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर. कामावर जाणाऱ्या बाईनं अकराचा गजर लावून गोळी डब्याच्या पिशवीतच ठेवावी. गॅसची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर ती खरंच लागते का, हे डॉक्टरांना विचारा. स्वतःहून एकदम बंद मात्र करू नका. लिंबूपाण्याबरोबर गोळी घ्यायला हरकत नाही, पण वेगळी सी व्हिटॅमिनची गोळी विकत घेण्याची गरज नाही. चीनमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ती जोडल्यानं एचबी वाढण्यात फरक पडला नव्हता.

मळमळ, करपट ढेकर, बद्धकोष्ठता, तोंडाला लोखंडाची चव. यामुळे गोळी सुटते, आणि सुटली हे सांगायची भीती वाटते म्हणून डॉक्टरांपुढे "घेते की" असं निघून जातं. इथं खरं बोलणं फार गरजेचं आहे, कारण उपाय आहेत. डोस कमी करता येतो, गोळीतला लोहाचा क्षार (सल्फेट, फ्युमरेट वगैरे) बदलता येतो, थोडं खाऊन गोळी घेता येते. शोषण जरा घटेल, पण अजिबात न घेण्यापेक्षा ते कितीतरी बरं. संडास काळी-हिरवट होणं हे गोळीचंच लक्षण, त्यानं घाबरू नका.

दिवसाआड गोळी हाही मार्ग आहे. लोहाचा मोठा डोस घेतला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढवतं आणि ते साधारण २४ तास आतड्याचं दार आवळून धरतं. त्यामुळे सकाळ-संध्याकाळ दोन गोळ्या घेऊन दुप्पट लोह मिळत नाही. स्वित्झर्लंडमध्ये लोह कमी असलेल्या तरुण बायकांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिवसाआड घेतलेल्या गोळीतून लोह जास्त प्रमाणात शोषलं गेलं, असं दिसलं. ज्यांना रोजची गोळी सोसत नाही त्यांनी डॉक्टरांशी याबद्दल जरूर बोलावं. गरोदरपणात मात्र सांगितलेला रोजचा डोस आपल्या मनानं बदलू नका.

आणि किती दिवस? ढोबळ हिशेब असा. ५० किलो वजनाच्या बाईचं एचबी ९ वरून १२ वर न्यायला सुमारे ३५० मिलिग्रॅम लोह लागतं, साठा भरायला आणखी ५०० तरी. ६० मिलिग्रॅमच्या गोळीतून रोज ६ मिलिग्रॅम आत गेलं असं धरलं तरी जवळपास पाच महिने होतात. महिन्याचा कोर्स करून सोडणं म्हणजे निम्म्या वाटेवरही न पोचणं. एचबी सुधारल्यावर अजून तीन महिने गोळी चालू ठेवतात ती याचसाठी.

घरात लहान मूल असेल तर या गोळ्या कुलपात ठेवा. रंगीत, साखरेचा लेप असलेल्या गोळ्या मुलं चॉकलेट समजून खातात आणि लोहाच्या विषबाधेनं मूल दगावू शकतं.

रक्त जातंय कुठे

इथं थांबून नीट शोधा. पाळी येणाऱ्या वयात सगळ्यात मोठं कारण हेच असतं आणि सगळ्यात कमी विचारलंही हेच जातं.

एचबी १२ असताना १०० मिलिलिटर रक्तात साधारण ४० मिलिग्रॅम लोह असतं. जेवणातून दिवसाला एक ते दोन मिलिग्रॅम शोषलं जातं, त्यातलं एक तर शरीराच्या रोजच्या झिजेतच संपतं. पाळीत ८० मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त जाणं म्हणजे अतिरक्तस्राव. एखादीचं दर महिन्याला २०० मिलिलिटर जात असेल तर गोळीनं आणलेल्या लोहाचा मोठा भाग त्या पाच-सहा दिवसांत निघून जातो, आणि तीन महिन्यांनी एचबी तिथल्या तिथं दिसतं.

पण "पाळी जास्त जाते का?" या प्रश्नाला बायका "नाही, नॉर्मल आहे" असंच उत्तर देतात. आईला तशीच जायची, बहिणीला तशीच जाते, मग तेच नॉर्मल. म्हणून प्रश्न वेगळे विचारावे लागतात. पॅड दर एक-दोन तासांनी बदलावं लागतं का? रात्री त्यासाठी उठावं लागतं का? एक रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडतात का? दोन पॅड एकावर एक लावता का? गाडीवर किंवा ऑफिसच्या खुर्चीवर डाग पडेल म्हणून त्या दिवसांत बाहेर जाणं टाळता का? आठ दिवसांपेक्षा जास्त अंगावरून जातं का, किंवा २४ दिवसांच्या आतच पाळी पुन्हा येते का? यातल्या एकालाही "हो" असेल तर ते डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे.

दोन पाळ्यांची नोंद ठेवा. कॅलेंडरवर रोज किती पॅड किंवा कापडं, त्यातली किती पूर्ण भिजलेली, गाठी होत्या का, एवढंच. मेन्स्ट्रुअल कप वापरत असाल तर मोजणं सोपं, बऱ्याच कपांवर मिलिलिटरच्या खुणा असतात. हा कागद स्त्रीरोगतज्ज्ञांसमोर ठेवला की बोलणं लगेच मुद्द्यावर येतं.

पुढे काय तपासतात? पोटाची सोनोग्राफी: गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ, पॉलिप (अस्तरावरची छोटी वाढ) किंवा अ‍ॅडेनोमायोसिस (अस्तर गर्भाशयाच्या भिंतीत शिरणं) आहे का. टीएसएच, म्हणजे थायरॉइडची तपासणी. तांबी बसवलेली आहे का, कारण तांब्याच्या तांबीनं बऱ्याच जणींचा रक्तस्राव वाढतो आणि ती बसवून इतकी वर्षं झालेली असतात की सांगायचंच राहतं. आणि ज्या मुलीला पहिल्या पाळीपासूनच खूप जातं, दात काढल्यावर रक्त थांबत नाही, सहज काळेनिळे डाग उठतात, तिची रक्त गोठण्याची तपासणी व्हायलाच हवी. व्हॉन विलेब्रँड नावाचा आजार अशा मुलींमध्ये वर्षानुवर्षं लपून राहतो.

उपचार पुष्कळ आहेत. पाळीच्या दिवसांपुरती घ्यायची ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिडची गोळी, संप्रेरकांच्या गोळ्या, संप्रेरक सोडणारी तांबी, गाठ असेल तर तेवढीच काढणं. रक्ताची गुठळी होण्याचा इतिहास असेल तर ट्रानेक्झॅमिक आणि संप्रेरकं दोन्ही घेण्याआधी तो सांगा. पिशवी काढणं हा या यादीतला शेवटचा पर्याय. हे मी मुद्दाम ठासून लिहिते आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला. ज्या त्रासावर आधी औषधं करून पाहता आली असती त्यासाठी तरुण वयात थेट ऑपरेशन झाल्याच्या तक्रारी होत्या. तुम्हाला कुणी पहिल्याच भेटीत पिशवी काढायला सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

पाळीखेरीजच्या वाटाही बघा. मूळव्याधीतून थेंबथेंब जाणारं रक्त लाजेपोटी कुणी सांगत नाही. गुडघे-कंबर दुखते म्हणून रोज डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेतल्यानं पोटात जखम होऊन रक्त जाऊ शकतं. शेतात अनवाणी काम करणाऱ्यांना आकडीकृमी (हुकवर्म) होतात आणि ते आतड्यातून रक्त शोषतात, त्यावर अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची गोळी असते. रक्तदान केलं असेल तर तेही धरा, ३५० मिलिलिटरच्या एका पिशवीबरोबर दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास लोह जातं.

पाळी गेलेल्या बाईची गोष्ट वेगळी. तिचं लोह कमी झालं तर गोळ्या देऊन वाट बघत बसू नये. पोटातून किंवा मोठ्या आतड्यातून रक्त जातंय असं धरूनच चालावं, आणि दुर्बिणीनं पोट व मोठं आतडं तपासण्याबद्दल, म्हणजे एंडोस्कोपी व कोलोनोस्कोपीबद्दल, डॉक्टरांशी बोलावं. आतड्याच्या कॅन्सरची पहिली खूण कधी कधी एवढीच असते.

पोट आणि दुसरे आजार

रक्त कुठून जात नाही, गोळीही वेळेवर आहे, तरी वाढ नाही, तर शोषणाकडे वळा. एच. पायलोरी हा जठरातला जंतू लोह शोषू देत नाही. तो शौचाच्या किंवा श्वासाच्या तपासणीत कळतो, त्याआधी दोन आठवडे गॅसची गोळी डॉक्टरांना विचारून थांबवावी लागते. गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा सिलिअ‍ॅक आजार रक्ताच्या टीटीजी तपासणीत दिसतो, पण तपासणीआधी गहू सोडू नका, नाहीतर निकाल चुकतो. वजन कमी करण्यासाठी पोटाचं ऑपरेशन झालेल्यांना तोंडी गोळी बऱ्याचदा पुरत नाही.

आणि कधी कधी दुखणंच वेगळं असतं. सीबीसीत एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) खूप कमी, पण लाल पेशींची संख्या भरपूर आणि फेरिटिन चांगलं, असं चित्र दिसलं तर थॅलेसेमिया मायनरची, म्हणजे हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषाच्या सौम्य रूपाची, शंका घ्यावी. सिंधी, पंजाबी, कच्छी लोहाणा, भानुशाली समाजात तो जास्त आढळतो, इतरांतही असतो. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी एचपीएलसी तपासणी करतात, शक्यतो लोहाची कमतरता भरून काढल्यावर, कारण मायनरमध्ये वाढणारा एचबीए२ या हिमोग्लोबिनचा आकडा कमतरतेत खाली दिसू शकतो. असं मायनर असेल आणि लोह पुरेसं असेल तर आयुष्यभर लोहाच्या गोळ्या खाण्यात अर्थ नाही. लग्नाआधी किंवा मूल होण्याआधी जोडीदाराची तपासणी मात्र करायलाच हवी. विदर्भात, त्यातही गडचिरोलीत, आणि नंदुरबारमध्ये सिकलसेल या आनुवंशिक रक्तदोषाचीही तपासणी करून घ्यावी. शाकाहारी बायकांमध्ये बी१२ ची कमतरता लोहाच्या जोडीनं असते. ती भरली नाही तर एचबी मध्येच अडकतं.

ताटातलं लोह

जेवण महत्त्वाचं आहेच, पण नऊचं एचबी नुसत्या जेवणानं बारावर जात नाही. बीटाचा लाल रंग लोहाचा नव्हे, त्यात १०० ग्रॅममागे एक मिलिग्रॅमही लोह नसतं. अळीव, बाजरी, हरभरा, मटकी, राजगिरा हे खरे उपयोगी. मोड आणल्यानं फायटेट कमी होतं आणि लिंबानं लोह जास्त शोषलं जातं, म्हणून मोडाच्या उसळीवर लिंबू पिळणं ही आपली जुनी सवय उत्तम. आमटी, चिंचेचं सार लोखंडी कढईत केलं तर त्यात लोह उतरतं. खाणाऱ्यांसाठी मटण आणि कलेजी सर्वांत चांगली, त्यातलं लोह सहज शोषलं जातं. गरोदर असाल तर कलेजी मात्र टाळा, त्यात अ जीवनसत्त्व फार असतं. आठवड्यात दोन-तीन उपवास साबुदाण्यावर काढत असाल तर त्या दिवशी राजगिरा आणि शेंगदाणे घ्या. आणि पाटीची पेन्सिल, खडू, भाजकी माती, कच्चे तांदूळ किंवा बर्फ खावासा वाटत असेल तर ते लपवू नका. ते लोह कमी असल्याचं लक्षण आहे आणि लोह भरलं की बहुधा जातं.

सलाईनमधून लोह कधी

योग्य डोस नीट घेऊन चार आठवड्यांत एचबी किमान एकानं वाढायला हवं. तसं झालं नाही, गोळी अजिबात सोसत नाही, शोषणाचाच दोष आहे, रक्तस्राव गोळीला पुरून उरतो, किंवा बाळंतपण जवळ आलंय आणि एचबी फार कमी आहे, अशा वेळी शिरेतून लोह देतात. आयर्न सुक्रोज थोडं थोडं, अनेक खेपांत. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज एका वेळी १००० मिलिग्रॅमपर्यंत. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत देत नाहीत. अ‍ॅलर्जीची प्रतिक्रिया क्वचित येते, तरी हे रुग्णालयातच घ्यावं, घरी कुणाला बोलावून नाही. दिल्यावर अर्धा तास तिथंच थांबा. कार्बोक्सिमाल्टोजनंतर काही आठवड्यांत हाडं दुखणं किंवा नवा अशक्तपणा आला तर रक्तातलं फॉस्फेट तपासायला सांगा, ते खाली गेलेलं असू शकतं.

बसल्या जागी धाप लागणं, छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, तासाला एक पॅड भिजेल असा रक्तस्राव, काळी-चिकट आणि घाण वासाची संडास, किंवा एचबी ७ च्या खाली: यांपैकी काही असेल तर हा लेख बाजूला ठेवून आज रुग्णालयात जा.

बाकीच्यांनी गोळीची वेळ सुधारल्यावर महिन्यानं सीबीसी करावी, तीन महिन्यांनी सीबीसी आणि फेरिटिन. सलाईन घेतलं असेल तर फेरिटिन लगेच करू नका, काही आठवडे ते फुगलेलं दिसतं. गोळ्या बंद केल्यावर तीन आणि सहा महिन्यांनी पुन्हा एकदा पाहा. पाळीचा रक्तस्राव तसाच असेल तर साठा याच काळात परत उतरायला लागतो, आणि एचबी घसरण्याच्या कितीतरी आधी तो फेरिटिनमध्ये दिसतो.